घरात एकटा कोंबडा पाळायचा असेल तर

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. घरात कोंबडा पाळणाऱ्याला या म्हणीची पुढची ओळ पहिल्याच आठवड्यात कळते: कोंबडं झाकलं म्हणून आरवायचंही राहत नाही.

बहुतेकांकडे कोंबडा ठरवून येत नाही. कोंबडी समजून आणलेलं पिल्लू दोन-चार महिन्यांत घसा साफ केल्यासारखा आवाज काढायला लागतं. नाहीतर कळपातल्या मारामारीत जखमी झालेला, अधू पायाचा किंवा एका डोळ्याने आंधळा कोंबडा चार दिवसांसाठी म्हणून घरात येतो आणि राहतो. माझ्याकडचा असाच आला. पाय बरा झाला, तोवर त्याने सोफ्याचा हात स्वतःच्या नावावर करून घेतला होता.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. कोंबडा हा कळपाचा प्राणी आहे. तो एकटा घरात राहिला, तर त्याचा कळप तुम्ही असता. पिंजरा, खाद्य, डायपर या गोष्टी आठवड्याभरात जमतात. कळप होणं मात्र रोजचं काम आहे. कोंबडा साधारण पाच ते आठ वर्षं जगतो, चांगली निगा राखली तर त्याहूनही जास्त.

पायरी १: त्याला एकटं राहायची खरंच गरज आहे का?

घरात आणण्याआधी सोबतीचा विचार करा. एका कोंबड्याला एकच कोंबडी देणं हा उपाय वाटतो, पण त्यात कोंबडीचे हाल होतात. तो सतत तिच्यावर चढतो, तिच्या पाठीची पिसं जातात, कधी नखांनी कातडी फाटते. म्हणूनच एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या असाव्यात असं पाळणारे सांगतात. त्यापेक्षा एकत्र वाढलेले दोन-तीन कोंबडे, आसपास एकही कोंबडी नसेल तर, बऱ्याचदा गुण्यागोविंदाने राहतात. ही व्यवस्था जमत असेल तर ती आधी करून बघा.

नसेल जमत, तर स्वतःला तीन प्रश्न विचारा. दिवसातला बराच वेळ घरात कोणी असतं का? इमारतीचे आणि स्थानिक प्रशासनाचे नियम कोंबडा ठेवू देतात का? आणि पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आवाक्यात आहे का? कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच डॉक्टरांना कोंबडा तपासायची सवय नसते. आजारी पडल्यावर शोधाशोध करण्यापेक्षा फोन आधीच करून ठेवा. शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळा. त्याकडे पुढे येऊच.

पायरी २: पक्षी पारखून घ्या

निवड तुमच्या हातात असेल तर छोट्या जातीचा घ्या. सेरामा ही जगातल्या सगळ्यात लहान जातींपैकी एक, वजन अर्ध्या किलोच्या आत-बाहेर. तिचा आवाज मोठ्या कोंबड्यापेक्षा बराच हलका असतो. सिल्की स्वभावाने शांत आणि तिच्या मऊ पिसांमुळे तिला नीट उडता येत नाही. घरात हा गुणच. पायावर पिसं असलेल्या जाती दिसायला गोड, पण ती पिसं कायम कशात ना कशात बुडालेली असतात.

मांसासाठी पैदास केलेला ब्रॉयलर कोंबडा दयेपोटी घरी आणला असेल तर त्याचं वजन हीच त्याची मुख्य व्याधी आहे हे धरून चाला. त्याचं शरीर इतक्या वेगाने वाढतं की पाय आणि हृदय त्याला पुरे पडत नाहीत. त्याला मोजूनमापून खाऊ घालावं लागतं.

पिल्लू घेताना मरेक रोगाची (कोंबड्यांचे पाय-पंख लुळे पाडणाऱ्या विषाणूजन्य आजाराची) लस दिली आहे का, हे विचारा. ती अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दिवशीच देतात, नंतर तिचा फारसा उपयोग नाही. मानमोडी म्हणजे राणीखेतच्या लसीबद्दल पशुवैद्याला विचारा.

पायरी ३: घर त्याच्या पायांसाठी तयार करा

लोक आधी पिंजरा बघतात. आधी फरशी बघा. गुळगुळीत फरशीवर कोंबड्याचे पाय फाकतात, सांधे दुखावतात, आणि कडक जमिनीवर सतत उड्या मारून तळव्याला बारीक जखमा होतात. त्यातून जंतू शिरले की तळवा सुजून मधोमध काळी खपली धरते. याला बंबलफूट म्हणतात आणि घरातल्या कोंबड्याचा हा नेहमीचा आजार आहे. त्याच्या वावरायच्या जागी रबरी चटया किंवा घट्ट विणीच्या सतरंज्या टाका. धागे निघालेला गालिचा नको. तो दोरा ओढून गिळतो आणि गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीत त्याचा गोळा होतो.

झोपायला दांडी लागतेच. कोंबडा पाऊल सपाट टेकवून बसतो, म्हणून गोल काठीपेक्षा पाच-एक सेंटिमीटर रुंद, कडा घासलेली फळी बरी. जड कोंबड्यासाठी ती जमिनीपासून फूटभरच उंच ठेवा आणि खाली मऊ अंथरूण घाला. त्याला उंच जागा आवडते, पण खाली उडी मारताना पाय दुखावतो.

रात्रीसाठी आणि तुम्ही बाहेर असाल तेव्हासाठी त्याची स्वतःची बंदिस्त जागा हवी. सुमारे मीटरभर रुंद, दीड मीटर लांब आणि मान पूर्ण ताणून उभं राहता येईल इतकी उंच. स्वयंपाकघरापासून लांब. याचं एक कारण स्वच्छता, दुसरं नॉनस्टिक भांडी. टेफ्लॉनचा लेप फार तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्याला काही मिनिटांत मारू शकतो. पक्ष्याच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि श्वासातली हवा तो आपल्यापेक्षा फार कार्यक्षमतेने वापरतो. विषारी हवासुद्धा तितक्याच कार्यक्षमतेने. फवारे, सुगंधी मेणबत्त्या, सिगारेटचा धूर, ताजा रंग हे सगळं त्याच्या खोलीबाहेर.

बाकीची यादी रांगत्या मुलाच्या घरासारखीच. जमिनीवर स्क्रू, स्टेपल, नाणी नकोत, कारण चमकणारं काहीही तो टिपतो आणि त्यातलं जस्त किंवा शिसं अंगात भिनतं. पाण्याने भरलेली बादली झाका. छताचा पंखा चालू असताना हलक्या जातीचा कोंबडा मोकळा सोडू नका.

ऊन हवंच. काचेतून आलेलं ऊन उबदार असतं, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. रोज थोडा वेळ गॅलरीत किंवा अंगणात, तुमच्या नजरेखाली, जाळीच्या आत. तिथेच एक रुंद, खोल टब ठेवा आणि त्यात कोरडी माती आणि वाळू भरा. कोंबडा पाण्याने नाही, धुळीने अंघोळ करतो. तो आडवा पडून पाय झाडायला लागला की पहिल्यांदा बघणारा घाबरतो. झटका आलेला नसतो. उलट तो मजेत असतो.

पायरी ४: शिटेचं गणित

हे टाळून चालणार नाही. कोंबडा दिवसभरात कितीतरी वेळा, साधारण अर्ध्या-पाऊण तासाला शिटतो. त्याला मूत्राशय नसतं. पांढरा भाग म्हणजेच त्याची लघवी. दिवसातून काही वेळा तपकिरी, चिकट आणि भयंकर वासाची शीट येते. ती आतड्याच्या बाजूच्या पिशव्यांमधून येते आणि पूर्णपणे निरोगी असते. नवखे लोक तिला जुलाब समजून औषध शोधतात.

मांजरासारखी त्याला सवय लागेल ही आशा सोडा. पण वेळ ओळखता येते. बराच वेळ बसून उठला की, खाणं झालं की, आणि सकाळी दांडीवरून उतरला की तो हमखास शिटतो. तेवढी पाच मिनिटं त्याला कागदावर उभं करा आणि मग खोलीत सोडा. निम्मी पुसापुशी वाचते.

उरलेल्यासाठी कोंबड्यांचे कापडी डायपर मिळतात किंवा शिवता येतात. कोंबडीचं डायपर कोंबड्याला बसत नाही, त्याच्या लांब शेपटीसाठी मागचं भोक मोठं लागतं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं घाला. तो उलटा चालेल, पडेल, रुसेल. हळूहळू वेळ वाढवा. आतला कपडा दर दोन-तीन तासांनी बदला, रात्री डायपर काढा, आणि पट्टा पंखाखाली घासतो का ते रोज बघा. दिवसरात्र डायपर घालून ठेवायचा असेल तर कोंबडा पाळू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच्या बंदिस्त जागेत लाकडाचा जाडसर, धूळ नसलेला भुसा टाका. देवदारासारख्या उग्र वासाच्या लाकडाचा नको. ओला भाग रोज उचला. अमोनियाचा वास तुमच्या नाकाला झोंबला, तर तो जमिनीलगत श्वास घेणाऱ्या कोंबड्याला केव्हाच बाधू लागलेला असतो.

पायरी ५: खाणं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबडीचं खाद्य त्याला देणं. त्यात अंड्याच्या कवचासाठी साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. कोंबड्याला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जास्तीचं कॅल्शियम वर्षानुवर्षं मूत्रपिंडावर ताण देतं. वाढत्या किंवा अंडी न देणाऱ्या पक्ष्यांसाठी असलेलं, साधारण सोळा टक्के प्रथिनांचं खाद्य घ्या. मध्यम आकाराचा कोंबडा दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खातो, छोटा त्याच्या निम्म्याहून कमी. पालेभाजी, काकडी, थोडे दाणे हा वरचा खाऊ. तो एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शात ठेवा. बारीक खडे वेगळ्या वाटीत द्या. त्याला दात नाहीत, तो खड्यांनी पोटात दळतो.

ॲव्होकॅडो, चॉकलेट, खारट पदार्थ, न शिजवलेला राजमा, बटाट्याची हिरवी साल आणि बुरशी आलेलं काहीही देऊ नका. ताजं पाणी कायम असावं.

पायरी ६: कळप व्हा

दिवसाची सुरुवात आवाजाने करा. कळपातले पक्षी एकमेकांना दिसत नसले तरी हलक्या आवाजात बोलत राहतात. सगळं ठीक आहे एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही दुसऱ्या खोलीत गेलात आणि तो मान उंचावून ओरडला, तर तो तुम्हाला शोधतोय. जागेवरूनच त्याच्या नावाने उत्तर द्या. बरेच कोंबडे तेवढ्यावर शांत होतात. मात्र प्रत्येक हाकेला धावत जाऊ नका, नाहीतर हाक मारली की माणूस हजर होतो हे तो दोन दिवसांत शिकेल.

त्याचे शब्द ओळखायला शिका. खायला काही चांगलं सापडलं की कोंबडा ते स्वतः खात नाही. उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो आणि भराभर टुक-टुक-टुक करतो. हे कोंबडीला दिलेलं आमंत्रण असतं. घरात कोंबडी नसली की आमंत्रण तुम्हाला. अशा वेळी खाली बसा, तो दाणा बोटांनी उचला, कौतुक करा. हसू येतं खरं, पण माझ्या अनुभवात कुठल्याही लाडापेक्षा याने तो जास्त निवांत होतो. आकाशातल्या धोक्यासाठी त्याचा इशारा वेगळा, जमिनीवरच्या धोक्यासाठी वेगळा. खिडकीबाहेर घार दिसली की लांब, बारीक आवाज काढून तो जागीच गोठतो. मांजर दिसलं की ठोके दिल्यासारखा क-क-क-कॅक ओरडा सुरू होतो. तेव्हा त्याला रागावू नका, खिडकीत काय आहे ते बघा.

डोक्याला काम द्या. कोंबडी बिनडोक हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत मॅरियन ब्रेलँड-बेली आणि बॉब बेली यांनी प्राणी-प्रशिक्षकांना प्रशिक्षणाचं तंत्र शिकवायला कोंबड्याच वापरल्या, कारण त्या झटपट शिकतात आणि शिकवणाऱ्याची चूक लगेच उघडी पाडतात. ठरावीक आवाजानंतर लगेच एक दाणा, एवढ्या सूत्रावर तुमचा कोंबडा रंगीत झाकणाला चोच लावणं, हाक मारल्यावर येणं, वजनकाट्यावर चढणं शिकेल. काट्यावर चढणं आधी शिकवा, पुढे दर आठवड्याला वजन करताना कामाला येतं. एका वेळी पाच मिनिटं पुरेत. भुशात दाणे विखरून ठेवणं, कोबीचा गड्डा त्याच्या मानेच्या उंचीवर टांगणं हेही चालतं.

आरशाचं काय? २०२३ मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रयोगात, शेजारी खरा कोंबडा दिसत असताना कोंबड्यांनी घारीच्या सावलीला धोक्याचे इशारे खूप दिले, आणि आरशात स्वतःचं प्रतिबिंब असताना फार कमी. म्हणजे आरशातला पक्षी त्यांना दुसरा कोंबडा वाटत नसावा. तरीही घरात काही कोंबडे आरशावर तुटून पडतात. दहा मिनिटं ठेवून बघा. मानेची पिसं फुलली तर काढून टाका.

उचलताना दोन्ही पंखांवर हात, एक हात पायाखाली. छाती आवळू नका. त्याला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, नसतं. छातीचं हाड हललं तरच श्वास आत जातो. कुरवाळायचं तर मान, छाती आणि गालाशी. पाठीवरून शेपटीकडे हात फिरवलात तर तो त्याचा वेगळाच अर्थ घेतो, आणि मग तुमच्या पायावर चढणं सुरू होतं.

पायरी ७: अंगावर आला तर

चार ते आठ महिन्यांच्या वयात गोड पिल्लू अचानक बदलतं. एक पंख जमिनीला टेकवून तुमच्याभोवती तिरकं नाचतं, घोट्याला चोच मारतं, मग एक दिवस दोन्ही पाय पुढे करून उडी मारतं. लाथ मारू नका. त्याला वाटतं, लढाई सुरू झाली. पळूही नका, त्याला वाटतं, आपण जिंकलो. जागेवर उभे राहा, शांतपणे त्याला उचला, काखेत धरून घरातली कामं करत राहा आणि तो सैल पडल्यावरच खाली ठेवा. ‘मालक कोण ते दाखवा’ म्हणून डोकं जमिनीवर दाबून धरायचा सल्ला मिळेल. मी तो एकदा पाळला आणि पुढचे तीन आठवडे तो माझ्या हाताला घाबरत होता.

दिव्यांकडेही बघा. कोंबड्याचे नर-संप्रेरक दिवसाच्या लांबीवर चालतात. रात्री अकरापर्यंत दिवे आणि टीव्ही चालू राहिले की त्याच्या शरीराला कायमच विणीचा हंगाम वाटतो. संध्याकाळी लवकर अंधार आणि दहा-बारा तास झोप दिली की तापटपणा थोडा निवळतो. लहान मुलांना मात्र या काळात त्याच्याबरोबर एकटं सोडू नका. पायामागचा काटा थेट चेहऱ्याच्या उंचीवर येतो. त्या काट्याच्या आत जिवंत हाड असतं, म्हणून फक्त बोथट करण्यापुरतं टोक घासा. रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा.

पायरी ८: आरवणं

थांबवता येत नाही. कमी करता येतं, आणि आवाज बाहेर जाण्यापासून अडवता येतो.

जपानमधल्या नागोया विद्यापीठात ताकाशी योशिमुरा आणि त्सुयोशी शिम्मुरा यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की सतत मंद उजेडात ठेवले तरी कोंबडे ठरलेल्या वेळी आरवत राहतात. पहाटेची बांग शरीरातलं घड्याळ देतं, सूर्य नाही. त्यामुळे काळे पडदे लावून पहाट पुढे ढकलता येते असं नाही. पण उजेड आणि बाहेरचे आवाज अडवल्याने घड्याळाच्या वरची जास्तीची बांग कमी होते, हे खरं.

आवाजाचा जोर एका मीटरवर शंभर डेसिबलच्या वर जातो. बेल्जियममधल्या संशोधकांनी कोंबड्याच्या स्वतःच्या कानाशी मोजला तेव्हा तो १४० च्या पुढे निघाला. चोच पूर्ण उघडली की त्याची कानाची नळी आपोआप बंद होते, म्हणून तो बहिरा होत नाही. तुमचे कान बंद होत नाहीत. आरवायच्या तयारीत असलेला कोंबडा खांद्यावर घेऊ नका.

झोपायची जागा शेजाऱ्यांच्या भिंतीला लागून नसलेल्या, घराच्या मधल्या खोलीत हवी. जाड पडदे, गालिचे, पुस्तकांनी भरलेलं कपाट, दाराखालच्या फटीला रबर. हवा खेळती राहायलाच हवी. बंद खोक्यात कोंबून आवाज दाबण्याच्या नादात गुदमरलेले पक्षी आहेत. दिवसा कशाने आरवतो याची आठवडाभर नोंद ठेवा. माझ्याकडे दाराची घंटा आणि मिक्सर ही दोन कारणं निघाली. घंटा बदलली, मिक्सरच्या आधी त्याला खाऊ देऊन दुसऱ्या खोलीत न्यायला लागलो, आणि दिवसाची बांग निम्म्यावर आली.

गळ्याला बांधायचे पट्टे विकतात. ते हवेचा दाब अडवून आवाज बारीक करतात. सैल असेल तर उपयोग नाही, घट्ट असेल तर धोका, आणि उन्हाळ्यात चोच उघडून धापा टाकणाऱ्या पक्ष्याला तो फास ठरू शकतो. मी वापरत नाही. आवाज काढून टाकायची शस्त्रक्रियाही नको. पक्ष्याचं स्वरयंत्र गळ्यात नसून खोल छातीत, श्वासनलिका दुभंगते तिथे असतं. शेजाऱ्यांशी आधी बोला, पहिल्या बांगेनंतर नाही.

पायरी ९: दर आठवड्याला एकदा

पक्षी आजार लपवतो. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून वजनाची वही ठेवा. आठवड्यात दहा टक्के घट झाली तर वाट बघू नका. तळवे उलटून बघा. सकाळी उपाशीपोटी अन्नाची पिशवी चाचपा. ती रिकामी असायला हवी. भरलेली, पिठासारखी किंवा आंबूस वासाची असेल तर डॉक्टर. तुरा निळसर किंवा फिका पडला, शेपूट श्वासाबरोबर वरखाली व्हायला लागली, तो फुगून कोपऱ्यात बसला, तरीही. पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी उवा आणि बारीक किडे शोधा. लाल किडे दिवसा दांडीच्या फटीत लपतात, म्हणून रात्री टॉर्च घेऊन दांडीही तपासा. वर्षातून एकदा पिसं झडतात आणि तो ओंगळ, चिडचिडा दिसतो. तेव्हा त्याला हात लावू नका, नवी पिसं दुखतात.

तुमच्यासाठीही नियम आहे. निरोगी दिसणाऱ्या कोंबड्याच्या शिटेतही साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात, चोचीचं चुंबन नाही, जेवणाच्या टेबलावर तो नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल, वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं माणूस असेल तर दुप्पट काळजी. रानटी पक्ष्यांची शीट त्याच्या जाळीत पडणार नाही हे बघा. बर्ड फ्लू तिथून येतो.

पायरी १०: तुम्ही नसताना

गावाला जाणार असाल तर खाणंपाणी करणारा माणूस आदल्या दिवशी आणून चालत नाही. त्याला आठवडाभर आधीपासून दोन-तीनदा घरी बोलवा आणि त्याच्याच हातून खाऊ द्यायला लावा. वजनाची वही, डॉक्टरांचा नंबर आणि टुक-टुकला काय उत्तर द्यायचं ते लिहून ठेवा. पहिल्या दिवशी लांब पँट आणि बूट घालून यायला सांगा.